खाली घेतलेली गाडी

पिकअप गाडीची उंची कमी करून ती खाली घेतली त्या दिवशी मिस्त्री इतका हरखला होता की घरी आल्यावरही तो सीटवरून चाकांच्या खुर्चीत उतरेना. दार सताड उघडं ठेवून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून दाखवत राहिला. "बघा, खुर्ची आणि सीट एका पातळीत! मध्ये फळी टाकायची, सरकायचं, झालं. ना कुणाचा हात, ना कुणाची काख."

त्याचं हरखणं खोटं नव्हतं. पिकअप उंच होता तेव्हा त्याला वर चढवायला दोन माणसं लागत. एक काखेत हात घाली, दुसरा गुडघ्याखाली, आणि पोतं चढवावं तसा तो चढवला जाई. त्या वेळी तो डोळे मिटून घ्यायचा. बायको ते बघायची आणि दुसरीकडे नजर वळवायची.

सगळं गाव त्याला मिस्त्रीच म्हणे. अर्धा जन्म त्याने गाड्यांच्या खाली पाठीवर पडून काढला होता. मग एका दुपारी जॅक सरकला आणि गाडी त्याच्यावर बसली. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती. आधी एक जड ठोका ऐकू आला, आणि मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' तिच्या कानात अजून बसलेलं होतं. भांडं पडलं, कुणी फळकूट आपटलं, की ती हातातलं काम टाकून पुढचा आवाज यायची वाट बघत उभी राही.

आता घर तिच्या रोपवाटिकेवर चालत होतं. रोपं तीच करायची, पोचवायचीही तीच. मिस्त्री अंगणात बसून पिशव्यांत माती भरायचा. गाडी खाली घेतल्यावर मात्र तो तिच्या शेजारी बसून बाहेर पडू लागला. गिऱ्हाइकांशी घासाघीस करू लागला, रस्त्यातल्या प्रत्येक गाडीचं इंजिन नुसतं ऐकून तिचा आजार सांगू लागला. माणूस परत माणसांत आला होता.

आणि तेव्हाच तो आवाज सुरू झाला.

ठक्.

रिकाम्या गाडीत यायचा नाही. मागे मातीच्या पिशव्या असल्या आणि चाक खड्ड्यात गेलं की सीटच्या मागून, खालून कुठूनतरी यायचा. लोखंडावर लोखंड. तिच्या मणक्यातून तो वर चढायचा आणि मानेपाशी थांबायचा. ती मिस्त्रीकडे बघायची, तर मिस्त्री खिडकीबाहेर.

"अहो, ऐकलंत?"

"रबर बसतंय नवीन. बसेल."

पण तो जरा जास्तच चटकन बोलला होता.

गाडी खाली घेऊन दिली ती बाजारातल्या हिरोने. हिरो म्हणजे पोरांच्या गाड्या नटवणारा एक उत्साही माणूस. केसांना जेल, बोटात तीन अंगठ्या. वाईट नव्हता. त्याने मागचा एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा दांडा, स्प्रिंगच्या पाट्यांच्या खालून काढून पाट्यांच्या वर बसवला, पुढच्या स्प्रिंगा आखूड केल्या, आणि गाडी मांजरीसारखी खाली बसली. "चॅसीला खाच मारलीस ना? एक्सलला वर यायला जागा?" मिस्त्रीने गाडीच्या लोखंडी सांगाड्याकडे बोट दाखवत विचारलं होतं. "रबर आहे की मध्ये," हिरो म्हणाला, आणि मिस्त्रीने पुढे विचारलं नाही. खुर्ची सीटला लावून बघायची त्याला घाई झाली होती.

मग खाणीच्या वळणावरचा तो दिवस आला.

दवाखान्याच्या बागेसाठी रोपं चालली होती. मागे गच्च माल. जुन्या दगडखाणीला वळसा घालून रस्ता उतरतो, कडेला कठडा नाही, नुसते पांढरे रंगवलेले दगड. तिने डावीकडे स्टिअरिंग फिरवलं आणि त्याच क्षणी पुढचं चाक खड्ड्यात गेलं. गाडीचं नाक दबलं. टायर मडगार्डच्या आत घुसल्याचा कर्रर्र आवाज झाला आणि स्टिअरिंग धरलं गेलं. फिरेना. कुणीतरी पलीकडून घट्ट पकडून ठेवावं तसं. रस्ता डावीकडे वळला, गाडी सरळ चालली.

तिने ब्रेकवर पाय रोवला. पॅडल खाली गेलं, अजून खाली गेलं. तिला वाटलं आता ते गाडीच्या तळालाच टेकणार. मग कुठे पकड आली. मागून ठक्, ठक्, आणि गाडी थांबली. पुढचं चाक पांढऱ्या दगडाला टेकलेलं होतं. दगडापलीकडे रस्ता नव्हता. खूप खाली खाणीतलं हिरवं पाणी होतं.

मिस्त्री सीटवरून घसरून खाली पायांच्या जागेत जाऊन पडला होता. त्याचे पाय त्याला सावरायला येणार नव्हतेच. दोन्ही पंजे डॅशबोर्डला चिकटलेले, चेहरा राखेसारखा.

"लागलं का?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"गाडी बंद कर. हँडब्रेक ओढ. आधी हँडब्रेक ओढ."

पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या गतीने, ती कशीबशी गाडी घरी घेऊन आली. दवाखान्याची रोपं मागे तशीच राहिली. अंगणात गाडी लावून तिने किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "मी आता ही चालवणार नाही."

मिस्त्री गाडीतच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी ती हिरोकडे जाऊन आली. तो ओशाळला. "वहिनी, खाली घेतलेली गाडी थोडी वाजतेच. हळू चालवायची. भीती वाटत असेल तर परत उंच करून देतो. एका दिवसाचं काम." आणखी दोन ठिकाणी विचारलं. दुसऱ्याने कापाकापी केलेल्या गाडीला हात लावायला कुणी तयार होईना.

तिने घरी येऊन सांगितलं. मिस्त्रीने भिंतीकडे बघत ऐकलं आणि म्हणाला, "मग कर उंच." त्या दिवशी तो अंगणात आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मातीचा ढीग तसाच पडून राहिला. जेवायला बोलावलं तर "भूक नाही". रोगापेक्षा इलाज भयंकर, तिला वाटलं. गाडी उंच केली तर हा घराबाहेर पडणार नाही, आणि नाही केली तर दोघंही एक दिवस खाणीत.

शेवटी तीच म्हणाली, "मी जाते गाडीखाली. तुम्ही सांगा, मी करते."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग दुसरं कोण जाणार?"

"कुणी नाही! ढिसाळ माणसाला मी गाडीखाली पाठवणार नाही, आणि शहाणा माणूस यायचा नाही. विषय संपला."

तो संपला नव्हता. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, अगदी हळू, "त्या दिवशी ब्रेक मारलास तेव्हा पॅडल कुठवर गेलं?"

"नेहमीपेक्षा खाली. बरंच खाली. का?"

मिस्त्रीने डोळे मिटले. गाडीत चढवताना मिटायचा तसेच. "गाडी जागची हलवू नकोस," तो म्हणाला. "अंगणातसुद्धा नाही. आता खाली जाऊन बघावंच लागेल. तू जा, मी सांगतो."

सकाळी तिने त्याची जुनी डांगरी चढवली, बाह्या दुमडल्या. मिस्त्रीची थोरली बहीण, जी मागच्या खोलीत शिवणकाम करायची, ती दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भावाला एकदा यमाच्या दारातून परत आणलंय. आता भावजयीला आणायला जायचं? दोघांना भरवायची ताकद नाही माझ्यात, आधीच सांगून ठेवते." असं म्हणत तिने चष्मा पुसला आणि टॉर्च हातात घेतला.

"वन्सं, तुम्ही नुसते पाने द्या हातात," बायको म्हणाली.

"दहा नंबर, बारा नंबर मला कळत नाही हं. सुईचा नंबर विचार."

जॅकवर गाडी उचलली, चॅसीखाली टेकूच्या चार लोखंडी घोड्या लावल्या. मिस्त्रीने खुर्ची फिरवत फिरवत प्रत्येक घोडी हलवून बघितली. खाली फळ्या हव्यात, माती भुसभुशीत आहे म्हणाला. फळ्या तीनच निघाल्या. चौथ्या घोडीखाली वाटेवरची एक फरशी उचलून टाकली. मागची काढलेली चाकं त्याने आडवी करून चॅसीखाली सरकवायला लावली, चाकांवर लाकडाचे ओंडके. "हे कशाला? घोड्या आहेत की," वन्सं म्हणाल्या. त्याने ओंडका अजून आत रेटायला लावला. त्याच्याकडे बघून वन्संनीही पुन्हा विचारलं नाही.

मग ती पाठीवर निजली आणि सरकत आत गेली.

आत डिझेलचा वास होता, सुकलेल्या चिखलाचा वास होता. नाकाच्या वर दोन वितींवर लोखंड. तिला आधी श्वासच घेता येईना. छाती फुगवली तर वर टेकेल असं वाटत होतं. ह्याच जागेत तो वर्षानुवर्षं शीळ घालत पडायचा. आणि ह्याच जागेत तो ठोका झाला होता.

"आहेस ना?" बाहेरून आवाज आला.

"आहे."

"बोलत राहा. काय दिसतंय ते सांग. काही नाही दिसलं तरी बोल."

तिने बोलायला सुरुवात केली. मिस्त्री सांगत गेला आणि ती करत गेली. एक्सल पाट्यांना बांधून ठेवणारे यू-बोल्ट सोडले. त्यासाठी पान्याला लोखंडी नळी लावून तिला पूर्ण अंगाचा जोर द्यावा लागला, आणि गाडी जराशी जरी डुलली की ती हात थांबवत होती. पाटे मोकळे झाले. आता एक्सलला धरायला स्प्रिंग नव्हती. खालून जॅक लावून तो वर उचलला की खड्ड्यात जसा वर येतो तसाच वर येणार, फक्त सावकाश. तो कुठे कुठे आपटतो ते कळायला मिस्त्रीने साधी युक्ती सांगितली. कुंड्या लिंपायची चिकणमाती घरात होतीच. तिचे जाड गोळे चॅसीला एक्सलच्या वर चिकटवायचे, धक्के झेलणाऱ्या शॉकॲबच्या तोंडाशी, पाईपांच्या शेजारी, जिथे संशय येईल तिथे. मग बाहेर यायचं, एक्सल उचलायचा, परत खाली घ्यायचा आणि जाऊन बघायचं, गोळा किती चेपला.

तिने तसं केलं. बाहेर येऊन जॅकचा दांडा मारला. एक्सल चढत गेला आणि बघता बघता टेकला. ठक्. हळूच, पण तोच आवाज.

"एवढ्यातच?" मिस्त्री पुटपुटला. "अरे, जागाच ठेवली नाही रे त्याने."

जॅक खाली घेऊन ती परत आत गेली. या वेळी वन्संकडून टॉर्चही घेतला. चॅसीवरचा गोळा कागदासारखा पातळ झाला होता, ते दिसलं. शॉकॲबजवळचाही चेपलेला. मग तिने टॉर्च आत वळवला. चॅसीच्या बाजूने करंगळीएवढी एक पाईप गेलेली होती, एक्सल जिथे टेकायचा अगदी तिथूनच. तिच्याजवळ लावलेला गोळा पार निघून पडला होता. आणि पाईप गोल राहिली नव्हती. चपटी झाली होती. घासून घासून चकाकत होती, आणि त्या चकाकीच्या मधोमध एक ओला थेंब होता. तिच्या देखत तो मोठा झाला आणि टपकन तिच्या गालावर पडला.

"अहो," ती म्हणाली, "ब्रेकची पाईप..."

तेवढ्यात डोक्यापलीकडे काहीतरी कट्टकन तुटलं.

वन्संनी सकाळी वाफ्याला पाण्याची नळी लावली होती आणि या गडबडीत ती बंद करायची राहून गेली होती. पाणी मुरत मुरत गाडीखाली आलं, फरशीखालची माती मऊ झाली, फरशी दुभंगली आणि घोडी कलली. आकाश खाली यावं तशी गाडी तिच्यावर आली. तिला ओरडता आलं नाही. एक जड ठोका. आणि मग काहीच नाही.

तिने डोळे उघडले तेव्हा लोखंड नाकापासून चार बोटांवर होतं. चॅसी ओंडक्यावर आणि आडव्या चाकावर बसली होती. धूळ खाली उतरत होती. हातपाय आपले आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. बाहेरून वन्संची किंकाळी ऐकू येत होती, पण फार लांबून.

मग तिला कळलं की तिचा घोटा कुणीतरी धरलाय. दोन्ही हातांनी, हाड मोडेल इतका घट्ट.

"अगं! अगं, बोल! बोल ना!"

"आहे," ती म्हणाली. "आहे मी. हात सोडा, येते बाहेर."

"नाही सोडणार."

घोटा तसाच त्याच्या हातात असताना ती इंचाइंचाने सरकत बाहेर आली. मिस्त्री खुर्चीत नव्हता. खुर्ची उलटी पडलेली होती आणि तो पोटावर, चिखलात, गाडीच्या अगदी कडेला पडला होता. हनुवटी खरचटली होती. गाडी कलताना त्याने स्वतःला खाली फेकलं होतं. पडल्या जागेवरून त्याला तिला ओढून काढता आलं असतं का? नसतं. तरी धरून ठेवलं होतं.

"तुम्ही खाली कसे?" तिने विचारलं. तेवढंच सुचलं.

"आलो," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. त्या दुपारच्या अपघातानंतरही तो रडला नव्हता. आता चिखलात कपाळ टेकवून मोठ्याने रडला. वन्सं नळ बंद करायला धावल्या आणि रडता रडता त्या नळीला अशा शिव्या घालत होत्या की शेजारचं माणूस कुंपणापाशी येऊन उभं राहिलं.

चहा झाला. कुणी नीट प्यायलं नाही.

"राहू दे," मिस्त्री म्हणाला. "हिरोला बोलाव, उंच करून टाकू दे. मला नाही जायचं कुठे. खरंच नाही."

तिने त्याच्या खरचटलेल्या हनुवटीकडे बघितलं. "आणि एवढी भ्यायले ती फुकटच का?" ती म्हणाली. ती विनोद करत नव्हती, पण वन्संना हसू फुटलं, आणि मग ते थांबेना.

भीती गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती जास्तच होती, कारण आता ती कशाला भिते ते तिला नेमकं माहीत झालं होतं. आधी चारही घोड्यांखाली जाड ओंडके गेले. मिस्त्रीने ते दोनदा बघितले, वन्संनी तिसऱ्यांदा, नळ बंद असल्याची खात्री चौथ्यांदा. आत सरकताना तिचे दात वाजत होते. ते त्यालाही ऐकू येत असावेत, कारण तो एकसारखा बोलत होता. लहानपणी आपण सायकलचं चाक कसं उलटं बसवलं, पहिल्या उस्तादाने कानाखाली कशी दिली, काहीही. मध्येच "बारा नंबर घे" म्हणायचा आणि परत उस्तादावर यायचा. तिने गळकी पाईप सोडवून काढली आणि बाहेर त्याच्या हातात दिली. चपटा झालेला भाग त्याने अंगठ्याने दाबला. तो तिथेच मोडला.

पुढचं काम त्याच्या जुन्या दोस्ताचं होतं. तो वेल्डर होता; नेमकं काय कापायचं ते कळल्यावर आपलं मशीन घेऊन अंगणातच आला. एक्सलच्या वर त्याने चॅसीला खालून अर्धगोल खाच कापली आणि तिच्यावर जाड पट्टीची कमान वेल्ड केली, दोन्ही बाजूंना, म्हणजे एक्सलला वर यायला जागा झाली आणि चॅसीची ताकदही गेली नाही. जुने शॉकॲब आता लांब पडत होते, त्यांच्या जागी आखूड बसवले. रबरी ठोकळे कापून बुटके केले. ब्रेकची नवी पाईप तिने चॅसीच्या दुसऱ्या बाजूने नेली, जिथे एक्सल पोचतच नाही, आणि खाली येणारी रबरी नळी जरा लांब घेतली. पुढे टायर जिथे अडकला होता तिथलं प्लॅस्टिक कापलं, मडगार्डची कड हातोडीने आत दुमडली, पुढची बाजू बोटभर वर घेतली. सीटची पातळी थोडी बदलली. मिस्त्रीने फळी टाकून बघितलं. जरा चढ लागत होता, पण सरकता आलं.

मग पुन्हा मातीचे गोळे. एक्सल रबराला पुरता टेकेपर्यंत उचलला. चॅसीवरचा गोळा तसाच गुबगुबीत. पाईपजवळचा तसाच. पुढचं चाक दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघितलं. ब्रेकमधली हवा काढली, आणि पॅडल तिच्या पायाला दगडासारखं कडक लागलं.

दवाखान्याची रोपं एव्हाना सुकून गेली होती. नवी भरली. त्याच रस्त्याने निघाले, दुसरा रस्ताच नव्हता. खाणीच्या वळणापाशी आल्यावर तिच्या तळहातांना एवढा घाम सुटला की स्टिअरिंग निसटत होतं. मिस्त्रीने सीटचा पट्टा दोन्ही मुठींत धरला होता.

"थांबू का?"

"नको. जा तू."

तिने वळवलं. चाक खड्ड्यात गेलं, गाडीचं नाक दबलं, मागे माल हिंदकळला. ती त्या आवाजाची वाट बघत राहिली. स्टिअरिंग फिरत होतं. गाडी मऊ बसली आणि मऊच वर आली. वळण मागे पडलं, पांढरे दगड आरशात लहान झाले.

सपाटीला आल्यावर तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, खाली उतरली, आणि रस्त्यावर आडवी होऊन टॉर्चने मागच्या चाकामागे बघितलं. पाईप कोरडी होती. तिने बोट फिरवून बघितलं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही. मिस्त्रीने चेष्टा केली नाही. आरशातून तिच्याकडे बघत थांबला, आणि ती परत येऊन बसल्यावर म्हणाला, "पुढच्या वेळी आखूड शॉकॲबवरही हात फिरव."

ती अजूनही प्रत्येक वेळी ते वळण उतरल्यावर थांबते आणि गाडीखाली बघते. मागून येणारे ओळखीचे लोक हॉर्न वाजवतात, काही जण हसतात. मिस्त्री खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना पुढे जायला सांगतो.